एका पोत्यात दोन काळांची हाडं : संकेश्वरकडच्या ओढ्याचं प्रकरण

हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतोय कारण आमच्या भागात पावसाळा संपला की असं काहीतरी हमखास निघतंच, ओढ्याचा काठ ढासळतो, नाहीतर विहिरीच्या कामात हाड निघतं, चार दिवस फोटो फिरतात आणि मग ते हाड कुणाच्या तरी माळ्यावर नाहीतर देवळाच्या कट्ट्याखाली जातं आणि विषय संपतो. यावेळी विषय तसा संपला नाही. जे कळलं ते पुरावा धरून कळलं आणि जे हातातनं निसटलं ते नेमकं कशानं निसटलं तेही कळलं, म्हणून नीट मांडावंसं वाटलं.

गावाचं नाव मुद्दाम देत नाही. हुक्केरी तालुका, संकेश्वरच्या बाजूला, हिरण्यकेशीला मिळणारा एक ओढा, एवढं पुरे. नाव लिहिलं तर रविवारी लोक कुदळी घेऊन तिथं जातील आणि शेतकऱ्याच्या बांधाचं वाटोळं होईल.

माझं काम पाण्याचे पॉइंट दाखवायचं. जिऑलॉजी शिकलोय, मशीन लावून भूजल बघतो, त्यामुळे निपाणी, चिकोडी, हुक्केरी, गोकाक ह्या पट्ट्यात गावोगावी फिरणं होतं आणि जमिनीतनं काही वेगळं निघालं की लोक फोटो मला पाठवतात. हा फोटो ज्यांनी पाठवला त्यांना गावात सगळे अण्णा म्हणतात, आपण पण अण्णाच म्हणूया. व्हॉइस मेसेज होता, "सर, आमच्या रानात ओढ्याला कायतरी गावलंय, पोरं डायनासोर म्हणालेत, बघा की जरा." फोटोत खताचं पोतं पसरलेलं, त्यावर एक जबड्याचा तुकडा, काही सुटे दात, आणि पायाच्या लांब हाडाचे दोन-तीन तुकडे. शेजारी मापाला काहीच नाही, त्यामुळे दात केवढा आहे ते फोटोवरनं समजायला मार्ग नव्हता. संध्याकाळपर्यंत तोच फोटो मला आणखी दोन ग्रुपवरनं आला, एकात "करोडो वर्षांपूर्वीचा राक्षस" आणि दुसऱ्यात डायनासोरचं चित्र जोडलेलं.

डायनासोरचं आधी निकालात काढतो. आपल्या भागात वर दिसणारा खडक बघा. गोकाकचा धबधबा ज्या वालुकाश्माच्या कड्यावरनं पडतो तो कलादगी गटाचा खडक, वय शंभर कोटी वर्षांच्या वर, तेव्हा पृथ्वीवर हाडवाला प्राणीच नव्हता. संकेश्वर, निपाणी, चिकोडी ह्या बाजूला सगळा दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. डायनासोरचे शेवटचे दिवस ह्या लाव्ह्याच्या काळातलेच आहेत हे खरं, आणि लाव्ह्याच्या दोन थरांच्या मधे तळ्यातला गाळ अडकलेला असतो त्यात गोड्या पाण्याच्या गोगलगायी वगैरे सापडतात हेही खरं, पण तो गाळ दगड झालेला असतो, फोडायला हातोडा लागतो. ओढ्याच्या काठातनं फावड्यानं निघणारी माती ही नदीनं फार फार नंतर आणून टाकलेली, हजारांत नाहीतर लाखांत मोजायची वर्षं, कोटींत नाही. त्यामुळे त्या मातीत डायनासोर नाही. मग काय असू शकतं, हा प्रश्न मात्र आपल्या खोऱ्यात खरोखर मोठा आहे.

मोठा का, तर गेंड्यामुळे. रॉबर्ट ब्रूस फूट नावाचे भूवैज्ञानिक, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले, ज्यांनी 1863 मधे मद्रासजवळ पल्लावरमला दगडाचं आदिम हत्यार ओळखलं आणि भारताच्या अश्मयुगाचा अभ्यास तिथनं सुरू झाला, तेच फूट नंतर आपल्या भागात फिरले. त्यांचा दक्षिण मराठा मुलखाच्या भूविज्ञानावरचा मोठा अहवाल 1876 चा. त्याच्या आधी 1874 मधे त्यांनी गोकाकजवळच्या चिक-दौली (जुन्या इंग्रजी लिखाणात गावाचं नाव असंच येतं) इथं नदीच्या जुन्या गाळात सापडलेल्या गेंड्याच्या अवशेषांचं वर्णन छापलं आणि त्या प्राण्याला नाव दिलं ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस, दख्खनचा गेंडा. आपल्या बेळगाव जिल्ह्यातला गेंडा! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा नकाशा उघडून बसलो होतो. आज गोकाकच्या बाजूला पाऊस बेळगावपेक्षा कितीतरी कमी, उन्हाळ्यात रान भाजून निघतं, आणि गेंड्याला लागतं ते गवत, दलदल, डुंबायला पाणी. म्हणजे घटप्रभेचं खोरं कधीतरी वेगळं होतं.

आणि हे एकटंदुकटं नाही. गुजरातेत लांघणजला मध्याश्मयुगीन माणसांच्या वस्तीत गेंड्याच्या खांद्याचं हाड मिळालंय, सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर गेंडा कोरलेला आहे, तिकडं महाराष्ट्रात गोदावरीच्या गाळात नांदूर मधमेश्वरला नामशेष झालेल्या हत्तीचे अवशेष मिळालेत. घटप्रभेच्याच काठी, खाली बागलकोटच्या बाजूला अनगवाडीला अश्मयुगातली दगडी हत्यारं मिळालेली आहेत. म्हणजे ह्या नद्यांच्या जुन्या गाळात मोठं जनावर आणि माणूस दोघांच्याही खुणा आहेत. हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावते, आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत घटप्रभेलाच मिळते. त्यामुळे अण्णांच्या फोटोतला दात गाय-म्हशीचा असण्याची शक्यता नव्वद टक्के असली तरी उरलेल्या दहासाठी जाणं भागच होतं.

आधी फोनवर एकच सांगितलं, आता धुऊ नका आणि काठाला हात लावू नका. अण्णा म्हणाले, "धुतलंय की सर, पावडर लावून ब्रशनं."

जागा बघूया. 2019 च्या ऑगस्टमधे जो पूर आला, ज्यात गोकाक शहरात पाणी शिरलं, त्या पुरानं ह्या ओढ्याची वळणं पार बदलली असं गावातले सांगतात, आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात अण्णांच्या बाजूचा काठ थोडा थोडा खचतोय. ऊस लावलेल्या सऱ्या आता सरळ हवेत संपतात. काठ पुरुषभर उंचीपेक्षा जास्त उभा कापलेला आहे, आणि जिऑलॉजीवाल्याला ह्यापेक्षा चांगली भिंत मिळत नाही, सगळे थर वरपासून खालपर्यंत उघडे.

वर काळी माती, भेगाळलेली, उसाची मुळं, प्लास्टिकचे तुकडे, एका ठिकाणी ठिबकची नळी. तिच्या खाली रंग बदलतो, पिवळट तपकिरी बारीक गाळ लागतो, चांगला जाड, आणि त्यात पांढरे चुन्याचे खडे, कंकर, काही वाटाण्याएवढे काही लिंबाएवढे वेडेवाकडे. अ‍ॅसिडचा थेंब टाकला की फसफसतात. पावसाच्या पाण्यात मातीतला चुना विरघळून खाली उतरतो, उन्हाळ्यात पाणी उडून जातं आणि चुना मागं राहतो, असं वर्षानुवर्षं होत हे खडे वाढतात. पातळ लेप तसा लवकर येऊ शकतो पण असे भरीव कंकर तयार व्हायला हजारो वर्षं जातात, म्हणून शेतातल्या कालच्या गाळात ते नसतात. त्याच्याखाली वाळू आणि गोट्यांचा थर, काळ्या पाषाणाचे गुळगुळीत गोटे, तांबडे जांभ्याचे, मधे मधे गारगोट्या, आणि तेही चुन्यानं एकमेकांना असे चिकटलेले की हातोडीचं टोक लावल्याशिवाय सुटत नाहीत. सगळ्यात खाली कुजलेला पाषाण, मुरूम. ओढा आता त्या मुरमावरनं वाहतोय.

तर तीन अगदी वेगळे काळ एकावर एक उभे आहेत. काळ्या मातीतनं निघालेलं हाड गेल्या काही वर्षांचं पण असू शकतं. पिवळ्या गाळातलं किंवा गोट्यांतलं असेल तर गोष्टच वेगळी. त्यामुळे माझा पहिला प्रश्न "हे कुठल्या प्राण्याचं" हा नव्हता, "हे कुठल्या मातीतनं आलं" हा होता, आणि त्याचंच उत्तर कुणाकडं सरळ नव्हतं.

जेसीबी चालवणारा पोरगा म्हणाला वरच्या मातीत बकेट घातल्यावर निघालं. अण्णांचा पुतण्या म्हणाला नाही, खाली पांढऱ्या खड्यांत होतं, मी स्वतः काढलं. अण्णा म्हणाले मी आलो तेव्हा सगळं खाली पडलेल्या ढिगात होतं. तिघंही मनापासून सांगत होते, कुणी काही रचून सांगत नव्हतं हे दिसत होतं. ढासळलेल्या काठाचं हेच होतं, वरचं खाली येतं, खालचं उघडं पडतं, आणि बकेट सगळं एकत्र करून टाकते.

मग पोतं उघडलं. जबडा खालचा होता, एका बाजूचा, त्यात तीन दाढा जागेवर. सुटे दात वेगळे. धुतल्यामुळे सगळ्यांचा रंग वरवर सारखाच वाटत होता, एका तुकड्याला तर फेव्हिक्विक लावून चिकटवलेलं आणि वर वॉर्निश मारलेलं, चांगलं टिकावं म्हणून. भावना चांगली पण वॉर्निशनं पुढची बरीच तपासणी बंद होते.

गेंडा आहे का हे दात बघून पटकन कळतं, म्हणून ते आधी केलं. गेंड्याची वरची दाढ घेतली तर चावायच्या माथ्यावर एनॅमलच्या, म्हणजे दातावरच्या टणक पांढऱ्या थराच्या, तीन भिंती दिसतात, एक बाहेरच्या बाजूनं लांब आणि तिच्यातनं दोन आडव्या आत गेलेल्या, गणितातल्या पाय (π) चिन्हासारखा आकार. गाय, म्हैस, रानरेडा, गवा ह्यांच्या दाढेवर चंद्रकोरीसारख्या वेटोळ्या रेघा असतात, दाढ उंच असते, आणि वरच्या दाढेला जिभेच्या बाजूला दोन खांबांच्या मधे एक बारीक जादा खांब असतो. घोड्याची दाढ पण उंच, पण एनॅमलच्या चुण्या जास्त नाजूक. हत्तीची तर पाट्या एकामागे एक लावल्यासारखी, ती चुकतच नाही. अण्णांच्या पोत्यातले सगळे दात चंद्रकोरवाले. गेंडा नाही. पोरांचे चेहरे पडले, माझंही मन थोडं खट्टू झालं हे खरं.

पण एक दाढ वेगळी वाटत होती. बाकीच्यांपेक्षा हाताला जड, रंग आतनं राखट तपकिरी, मुळांच्या मधल्या खाचेत ब्रश पोचला नव्हता आणि तिथं काहीतरी घट्ट भरलेलं होतं. भिंग लावून बघितलं तर पिवळा बारीक गाळ, आणि त्यात मोहरीएवढे दोन-तीन पांढरे कण, दाताच्या मुळाला चुन्यानं चिकटलेले. अ‍ॅसिडचा अगदी बारीक थेंब सुईच्या टोकानं लावला, फसफसलं. आता जबड्याकडं वळलो, जबड्याच्या हाडाच्या आतल्या पोकळीत पण ब्रश पोचला नव्हता, तिथली माती टोकरून कागदावर काढली, काळी, भुसभुशीत, तिच्यात उसाच्या मुळाचा धागा. थेंब टाकला, काही नाही.

ह्या दोन चिमट्यांनी अर्ध प्रकरण सुटलं. तिघं जण भांडत होते कारण तिघंही खरं सांगत होते, जेसीबीवाल्यानं काळ्या मातीतनं जबडा काढला, पुतण्यानं कंकराच्या थरातनं दाढ काढली, आणि दोन्ही एकाच पोत्यात गेल्या.

खात्रीसाठी आणखी एक जुनी चाचणी केली. सुई लाल करून हाडाच्या तुटक्या कडेला टेकवायची. ताज्या हाडात प्रथिनं असतात, केस जळाल्यासारखा वास येतो. जबड्याला वास आला, स्वच्छ, शेजारी उभे होते त्यांनाही आला. दाढेच्या मुळाला टेकवली तर काही नाही, फक्त मातीचा वास. (ही चाचणी घरी करायची असेल तर कडेला, एकदाच, आणि चांगल्या नमुन्यावर तर नकोच, कारण तिथली जागा कायमची खराब होते.) हाड जिभेला चिकटतंय का बघायची पण पद्धत आहे, सच्छिद्र हाड चिकटतं, पण त्यानं हाडातली प्रथिनं गेलीत एवढंच कळतं, जुनं किती ते नाही. आणि काळा रंग म्हणजे जुनं हा जो समज आहे तो तर पूर्ण बाजूला ठेवा, ओल्या जमिनीत मँगनीजमुळे काही वर्षांत पण हाड काळं पडतं.

ह्या वेळेपर्यंत अण्णांच्या आई, आज्जी, दारात बसून सगळं बघत होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. मी सहज म्हटलं, आज्जी, त्या बाजूला कधी जनावर पुरलं होतं का? त्या म्हणाल्या, "पुरलंय की रं. थोरल्याच्या लग्नाच्या साली म्हस गेली आमची, गाभण हुती, आंब्याच्या वरच्या अंगाला पुरली. तो आंबा बी गेला आता ओढ्यात." आंबा कुठं होता ते त्यांनी काठीनं दाखवलं, जेसीबी चालला होता नेमकी तीच रेघ. जबड्याचं वय आज्जींनी एका वाक्यात सांगितलं. मी ह्या सगळ्या प्रकरणात हे सगळ्यात वर ठेवतो, की जागेची माहिती असलेलं माणूस घरातच होतं. कुठल्याही ठिकाणी हाड सापडलं की तिथल्या म्हाताऱ्या माणसाला आधी विचारा, कुठं जनावर पुरलं, कुठं जुनी विहीर बुजवली, ओढा आधी कुठनं वाहायचा, हे त्यांना जेवढं माहीत असतं तेवढं कुठल्या नकाशात नसतं.

आता राहिली ती एक दाढ. पुण्यात डेक्कन कॉलेजला प्राण्यांच्या जुन्या हाडांचा अभ्यास चालतो हे बऱ्याच जणांना माहीत असेल, तर हाडांचं काम केलेल्या एका ओळखीच्या बाईंना मापासकट, सगळ्या बाजूंनी फोटो पाठवले. त्यांचं म्हणणं, वरची दाढ, गाय-म्हैस कुळातलं मोठं जनावर, बरीच झिजलेली, आणि एकट्या झिजलेल्या दाढेवरनं बैल की रेडा, पाळीव की रानटी हे सांगायला त्या तयार नाहीत. मला हे उत्तर आवडलं. भारतातल्या नद्यांच्या जुन्या गाळात बॉस नामाडिकस नावाचा मोठ्या शिंगांचा रानबैल मिळतो, नर्मदेत, गोदावरीत, आणि आमच्यातल्या एकानं लगेच तेच नाव लावून टाकलं होतं, पण शिंगाचा गाभा नाही, कवटी नाही, तर ते नाव लावता येत नाही.

दाढेवरनं आणखी एक कळलं. मुळांच्या कडा धारदार आहेत, गोट्यांबरोबर गडगडत आलेला दात गोल होतो, टोकं जातात. हा तसा नाही. म्हणजे हा लांबनं वाहत आलेला नाही, जनावर जवळपासच मेलं आणि संथ पाण्यातल्या बारीक गाळात दात पुरला गेला, पिवळ्या थराशी हे जुळतं. एका दातातनं एवढं निघालं तरी मी खुश आहे.

पण वय? इथं सगळं अडतं, आणि ज्या कारणासाठी हे लिहायला घेतलं ते हेच. लोकांना वाटतं हाड लॅबला पाठवलं की वय कळतं. कार्बन डेटिंगला हाडातलं कोलॅजेन नावाचं प्रथिन लागतं, आणि आपल्या उष्ण भागात, चुनखडीच्या जमिनीत ते फार टिकत नाही, सुईच्या चाचणीला वास आला नाही त्याचा अर्थच तो. शिवाय ती पद्धत साधारण 50 हजार वर्षांच्या मागं जात नाही. मग दुसरा रस्ता म्हणजे दाताचं वय न काढता दात ज्या मातीत होता त्या मातीचं काढायचं. वाळूतल्या काही खनिजांच्या कणांत, ते अंधारात पुरले गेल्यापासून, आजूबाजूच्या किरणोत्सर्गाची ऊर्जा साठत जाते आणि उजेड लागला की ती रिकामी होते. काठात धातूचा पाइप ठोकून, उजेड न लागू देता माती काढली तर लॅबमधे ती ऊर्जा मोजून मातीला शेवटचं ऊन कधी लागलं ते सांगता येतं. पण त्यासाठी पाइप कुठं ठोकायचा हे कळलं पाहिजे! दाढ पिवळ्या थरातली, हे मी गाळावरनं सांगतो, पण तो थर एवढा जाड, दाढ त्याच्या वरच्या अंगाला होती की तळाला, ह्यात किती हजार वर्षांचा फरक पडेल कुणास ठाऊक. आणि पुतण्यानं जिथनं काढली ती जागा जेसीबीनं दुसऱ्या दिवशी सपाट केली.

हे महत्त्वाचं का आहे ते दोन मोठ्या उदाहरणांवरनं बघा. 2024 च्या एप्रिलमधे वासुकी इंडिकस ह्या महाकाय सापाची बातमी सगळ्यांनी वाचली, अंदाजे 11 ते 15 मीटर लांब, 4.7 कोटी वर्षांपूर्वीचा. त्याचे मणके कच्छमधल्या पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीत 2005 मधेच मिळाले होते, आधी मगरीचे वाटले, बरीच वर्षं तसेच राहिले, आणि रुडकीच्या आयआयटीतल्या संशोधकांनी नंतर नीट बघितलं तेव्हा साप निघाला. एवढी वर्षं पडून राहूनही ते कामाला आले कारण कुठल्या खाणीतले, कुठल्या थरातले हे माहीत होतं. थर माहीत म्हणून वय माहीत. आणि उलट बाजूला नर्मदेकाठी हथनोऱ्याला अरुण सोनाकियांना 1982 मधे मिळालेली माणसाची कवटी, भारतातल्या सगळ्यात महत्त्वाच्या जीवाश्मांपैकी एक, थरात जागेवर मिळाली तरी तो थर नदीच्या गोट्यांचा असल्यामुळे ती मुळात तिथलीच की आणखी जुन्या गाळातनं धुपून आलेली, आणि त्यामुळे तिचं वय किती, हा वाद अजून चालू आहे. तिथं एवढी अडचण, तर पोत्यातनं आलेल्या दाढेला आपण काय वय देणार.

म्हणून आता गावातल्या पोरांना जे सांगितलंय ते इथंही लिहितो. काही दिसलं तर पहिला फोटो ते मातीत असतानाच, शेजारी पेन नाहीतर नाणं ठेवून, दुसरा दहा पावलं मागं जाऊन पूर्ण काठाचा, ज्यात ते कुठल्या उंचीवर आहे ते दिसेल, आणि मोबाईलचं लोकेशन ऑन. एवढं झालं की मग काढलं तरी चालेल, कारण पुढच्या पावसात तसंही वाहून जाणारच असतं, पण चिकटलेली माती तशीच ठेवून वर्तमानपत्रात गुंडाळायचं. पावडर नको, फेव्हिक्विक नको, वॉर्निश नको. आणि वेगवेगळ्या जागचं एका पोत्यात नको, हे तर नकोच.

आता अण्णांची बाजू, कारण ती बाजूला ठेवून हे प्रकरण पुरं होत नाही. त्यांचं रान दरवर्षी ओढ्यात जातंय, एका पुरात उसाच्या सऱ्याच्या सऱ्या. त्यांना काठाला दगडी पिचिंग करायचंय आणि ते त्यांनी करावंच, मी स्वतः सांगितलं करा. एखादा अभ्यासक येऊन म्हणेल की हा काठ तसाच ठेवा, तर त्याच्या घरचं पोट त्या रानावर नाही. पण पिचिंग झालं की ही भिंत कायमची झाकली जाणार, आणि पिवळ्या थरात हाडं आहेत हे आता एका दाढेनं का होईना दिसलंय. जिल्ह्याच्या एका ऑफिसात चौकशी केली तर अर्ज कन्नडमधे द्या म्हणाले, तो शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीनं सुंदर लिहून दिला, पोच मिळाली, पुढं काही हाललेलं नाही. भारतात जीवाश्मांसाठी नीट वेगळा कायदा व्हावा म्हणून 2022 मधे भूवारशाच्या विधेयकाचा मसुदा आला होता, तो झाला असता तर निदान कुणाकडं जायचं हे तरी स्पष्ट झालं असतं असं मला फार वाटतं. सध्या सगळं जागामालकाच्या चांगुलपणावर आहे, आणि अण्णांच्या बाबतीत तो भरपूर आहे.

ठरलं ते असं. पिचिंग ऊस कारखान्याला गेल्यावर, रान मोकळं झाल्यावर. तोपर्यंत आंब्याच्या जागेपासून खालच्या वळणापर्यंतचा काठ तसाच राहील, जेसीबी तिथं जाणार नाही. ह्या मधल्या काळात पूर्ण काठाचं थरवार चित्र काढायचं, टेप लावून, प्रत्येक थराची जाडी, कंकर कुठं सुरू होतात कुठं संपतात, आणि गोट्यांच्या थरात माणसानं फोडलेले दगड दिसतात का तेही बघायचं, कारण अशाच चुन्यानं चिकटलेल्या गोट्यांत नदीच्या खालच्या अंगाला, अनगवाडीकडं, अश्मयुगातली हत्यारं मिळालेली आहेत. पुतण्या त्यात सगळ्यात पुढं आहे, आता त्यालाच कंकर कुठला आणि नुसती चुनखडीची भुकटी कुठली हे माझ्या आधी दिसतं. पाइपवालं सॅम्पल कुणी लॅबवाल्यानं येऊन घ्यावं म्हणून पुण्यातल्या त्या बाईंच्या ओळखीनं प्रयत्न चालू आहे, होईल तेव्हा खरं.

जबडा आणि म्हशीची बाकीची हाडं आज्जींच्या सांगण्यावरनं परत पुरली, वरच्या बांधाला, ओढ्यापासून लांब. दाढ अण्णांच्या घरी कपाटात स्टीलच्या डब्यात कापसात आहे, मुळातला गाळ तसाच ठेवून. डब्यात चिठ्ठी आहे, तिच्यावर ओढ्याचं नाव, सापडल्याचा महिना, काढणाऱ्याचं नाव, आणि "थर : कंकरवाला पिवळा गाळ, मुळात चिकटलेल्या मातीवरून. थरातली उंची नोंदलेली नाही." उन्हाळ्यात पाणी उतरलं की समोरच्या काठाला जायचंय, तिथं तोच पिवळा थर दिसतोय आणि त्या शेतकऱ्याशी अण्णांनी बोलून ठेवलंय.